मसूरचं स्टेशन आणि लंडनची पदवी

मागच्या उन्हाळ्यात मामानं मला एक काम लावून दिलं होतं. रोज सकाळी पौंडाचा भाव बघायचा आणि त्याला व्हॉट्सअॅप करायचा. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये व्यवस्थापनाची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी करत होती आणि तिचे शेवटचे तीन महिने राहिले होते. ती गेली तेव्हा, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये, पौंड एकशे दहा रुपयांच्या आसपास होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तो एकशे सतरा-अठरावर गेला. मामा उंब्रजचा. आयुष्यभर त्यानं उसाचा दर आणि खताच्या पोत्याची किंमत पाहिली. आता तो मला फोन करून विचारायचा, "आरं, आज पौंड का वाढला?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. चलनाचा भाव का वाढतो हे मलाही धड सांगता येत नव्हतं.

कर्जाची कथा गावाकडे बहुतेकांना माहीत असते. शेतजमीन बँक सहसा तारण घेत नाही, म्हणून उंब्रजमधलं राहतं घर तारण ठेवलं. मामा सहकर्जदार झाला. कर्ज रुपयांत मंजूर झालं, खर्च मात्र पौंडांत. त्यामुळे पौंड वर गेला की तिथल्या घरभाड्याला आणि पोटाला तेवढेच पैसे कमी पडायचे. शेवटच्या तीन महिन्यांत बहिणीनं प्रबंध किती लिहिला ते तिलाच ठाऊक, पण आमच्यात बोलणं झालं ते फक्त पैशांचं. पदवीनंतर दोन वर्षं तिथे राहून नोकरी शोधायची मुभा तेव्हा मिळत होती. पण त्या व्हिसाचा अर्ज २०२५ मध्ये ८८० पौंडांचा होता, आणि आरोग्य अधिभार वर्षाला १०३५, दोन वर्षांचा आगाऊ. एकूण २९५० पौंड, म्हणजे नोकरी मिळण्याआधीच साडेतीन लाखांच्या घरात.

त्याच दिवसांत मी डॉ. आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचत होतो. नावात व्हिसा असला तरी त्यात पासपोर्ट कचेरीची गोष्ट नाही. त्यात एक गोष्ट उंब्रजपासून आठ-दहा किलोमीटरवरची आहे. कृष्णेवरचा पूल ओलांडून मसूरच्या रस्त्यानं मी लहानपणी शेकडो वेळा गेलोय. उंब्रज आणि मसूर, दोन्ही गावांत समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एकेक मारुती आहे, हे आम्हाला आजीनं सांगितलं होतं. मसूरच्या स्टेशनवर १९०१ साली काय घडलं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आंबेडकर लहानपणी साताऱ्यात शिकले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वडील रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुलं वडिलांकडे निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या असा थाट होता. साताऱ्याहून रेल्वेनं ती मसूरला उतरली. न्यायला कोणीच आलं नव्हतं, कारण वडिलांच्या नोकरानं पत्र त्यांना पोचवलंच नव्हतं.

स्टेशनमास्तरनं चौकशी केली. कपड्यांवरून मुलं चांगल्या घरची दिसत होती. भीमरावांनी आपली जात खरी सांगून टाकली आणि मास्तरचा चेहरा बदलला. स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. मध्यरात्री जकात नाक्याशी गाडी थांबली. तिथे मुसलमान असल्याचं सांगून पाहिलं, तरी पाणी मिळालं नाही. डबा भरलेला होता, पण पाण्यावाचून जेवता आलं नाही. पोरं उपाशीच झोपली आणि दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचली.

आजी सांगायची, तिच्या सासऱ्यांच्या काळात आमच्या घरची गाडी गुळाच्या ढेपा घेऊन मसूर स्टेशनावर जायची. त्या संध्याकाळी ती गाडी तिथे होती का, हे शोधण्यात अर्थ नाही. बहुधा नसेल. पण असती, तरी तिनंही नकारच दिला असता, याबद्दल मला शंका नाही. आज ज्या घरावर बँकेनं परदेशी शिक्षणासाठी कर्ज दिलं, ते त्याच गाडीच्या आणि गुळाच्या कमाईवर उभं राहिलं आहे. म्हणून मला आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाची, आणि खास करून त्या शिक्षणाच्या शेवटाची, कथा पैशांच्या बाजूनं पाहावीशी वाटली.

त्यांच्याकडे तारण ठेवायला घर नव्हतं. १९१२ मध्ये मुंबईत बी.ए. झाले, फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील वारले. त्यानंतर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंडांची. बदल्यात करार होता, शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी. आजच्या भाषेत तारण होतं ते त्यांच्या आयुष्यातल्या दहा वर्षांचं. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले.

तिथे त्यांनी जे शिकलं त्याला आज कोणी 'बिझनेस डिग्री' म्हणणार नाही, पण विषय व्यापार आणि पैशाचेच होते. प्राचीन भारतातल्या व्यापारावर त्यांनी लिहिलं, आणि मे १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध सादर केला. त्या जूनमध्ये एम.ए. झाले. पुढे भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर काम सुरू केलं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक. शिष्यवृत्तीतून ते घरीही पैसे पाठवत, आणि उरलेल्यातून जुनी पुस्तकं विकत घेत.

शिष्यवृत्ती जून १९१६ मध्ये संपायची होती. त्याच्या महिनाभर आधी, ९ मे १९१६ रोजी, त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. त्यातला मुद्दा असा की जातीचं मूळ जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमात आहे. शिक्षणाचे पैसे संपायला महिना उरलेला असताना ज्याला त्याला नोकरीची आणि परतीच्या तिकिटाची चिंता असते. त्या महिन्यात या विद्यार्थ्यानं मसूरच्या गाडीवानांमागची यंत्रणा मांडली. त्या निबंधात मसूर नाही, स्वतःबद्दलही काही नाही. सगळं शास्त्राच्या भाषेत आहे.

मुदतवाढ मिळवून ते लंडनला गेले. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि नोव्हेंबरमध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. म्हणजे एक पदवी संपायच्या आत आणखी दोन सुरू. वर्षही पुरं झालं नाही तोच बडोद्याहून कळवण्यात आलं, शिष्यवृत्ती संपली, परत या. लंडन विद्यापीठानं एक सवलत दिली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आलात तर शिक्षण पुढे सुरू करता येईल. महायुद्ध सुरू होतं. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. सामान वेगळ्या जहाजानं येत होतं, ते जहाज टॉर्पेडोनं बुडालं. पुस्तकंही गेली.

आज पदवी अर्धवट ठेवून परतलेल्या मुलाकडे गावात कसं पाहतात ते मी पाहिलंय. "जमलं न्हाय वाटतं," एवढंच कुणीतरी म्हणतं आणि ते पुरतं. १९१७ चे आंबेडकर त्याच अवस्थेत होते. कोलंबियाची डॉक्टरेट हातात नव्हती, लंडनची पदवी अर्धी, बॅरिस्टरी अर्धी. आणि डोक्यावर करार.

करारानुसार ते बडोद्याला गेले. महाराजांच्या लष्करी सचिवाच्या जागेवर नेमणूक झाली. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी असल्याचं भासवून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगून गेले. शहरात दुसरीकडे सोय होईना. एका सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. ही हकीकतही 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्येच आहे, मसूरच्या पाठोपाठ. तिथे त्यांनी लिहिलंय की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. मला ते वाचताना सगळ्यात जास्त हेच लागलं. परदेशातल्या शिक्षणानं ते बदलले होते. ज्या जागी परतायचं ती जागा तशीच होती.

मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर आणि रोख्यांबद्दल सल्ला देणारी एक पेढीही काढली. हे मला बराच काळ माहीत नव्हतं. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईकं यायची थांबली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस मुंबईच्या बाजारात सल्लागार म्हणून उभा राहू पाहतो आणि बाजार त्याचा सल्ला न ऐकताच निघून जातो. बाजाराला फक्त नफा कळतो, जात कळत नाही, असं आम्हाला ऑफिसात फार आवडतं म्हणायला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नोकरी मिळाली. हे कॉलेज १९१३ साली सुरू झालं, म्हणजे ते अमेरिकेला गेले त्याच वर्षी, आणि आपल्याकडच्या वाणिज्य शिक्षणाची ती सुरुवात मानली जाते. त्यांचे वर्ग विद्यार्थ्यांनी भरलेले असत. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप मात्र काही सहकाऱ्यांनी घेतला. मसूरच्या वाटेवर पाणी मिळालं नव्हतं, त्याला सतरा वर्षं झाली होती.

त्या पगारातून त्यांनी पैसे वाचवले. कोलंबियापासूनचे मित्र नवल भाथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचीही मदत झाली. मार्च १९२० मध्ये राजीनामा देऊन जुलैत ते लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत संपायला सव्वा वर्ष उरलं होतं. रमाबाई मागे मुंबईत, परळच्या चाळीत, संसार चालवत होत्या.

इथून पुढचं मामाला सांगितलं तेव्हा तो लक्ष देऊन ऐकत होता, कारण इथे रुपयाचा भाव येतो. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली आणि चांदीच्या रुपयाचा भाव पौंडाच्या तुलनेत भराभर चढला. १९२० च्या सुरुवातीला तो दोन शिलिंगांच्याही वर होता. सरकारनं तो दोन शिलिंगांवर टिकवायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि १९२१ पर्यंत रुपया एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली घसरला. आता सोपं गणित. एका पौंडात वीस शिलिंग, एका शिलिंगात बारा पेन्स. दोन शिलिंगांच्या भावानं पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या भावानं तेवढ्याच रुपयांचे तीनशे तेहतीस. रुपया एकही कमी झाला नाही, तरी लंडनमधल्या राहण्याचा एक तृतीयांश खर्च हवेत गेला.

सप्टेंबर १९२१ मध्ये आंबेडकरांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहिलं. विनिमय दरामुळे आपले सगळे बेत कोलमडले, दोनशे पौंड कर्जाऊ हवेत, परत आल्यावर व्याजासह फेडीन, असा त्याचा आशय. बॅरिस्टरीची फी आणि परतीचा प्रवास, यांसाठी ते पैसे हवे होते. आमच्या बहिणीचे २९५० पौंड आणि हे दोनशे पौंड यांची तुलना होत नाही, आणि मला ती करायचीही नाही. पण शेवटच्या टप्प्यावर अडतं ते नेमकं कुठे, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. शिक्षणाचा मुख्य खर्च कसाबसा निघतो. शेवटची फी आणि पुढचा रस्ता यांना पैसे उरत नाहीत.

आणि त्याच वेळी ते जो प्रबंध लिहीत होते त्याचा विषय होता रुपया. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, जेवणावर जेमतेम खर्च, रात्री पुन्हा वाचन. १९२१ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या प्रबंधासाठी एम.एस्सी. मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध त्यांनी लंडन विद्यापीठाला सादर केला. मध्ये काही काळ जर्मनीत बॉनलाही जाऊन आले. केन्स यांनी १९१३ च्या पुस्तकात हिंदुस्थानच्या चलनपद्धतीची भलामण केली होती. आंबेडकरांनी तिला विरोध केला. रुपये किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडलं तर रुपयाची किंमत स्थिर राहणार नाही आणि त्याचा भुर्दंड सामान्य माणसाला बसेल, असं त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल. विनिमय दर किती, एवढ्यावर ते थांबत नाहीत. रुपयानं देशात काय विकत मिळतं हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वतःच्या खिशाला दराचा फटका बसलेला असताना त्यांनी ही भूमिका घेतली.

तरीही पदवी संपली नाही. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंधात बदल सुचवले. हातात पैसे नव्हते, लंडनमध्ये राहून दुरुस्ती करणं शक्य नव्हतं. एप्रिलमध्ये ते पुन्हा एकदा पदवीविना मुंबईत उतरले. इथे बसून प्रबंध दुरुस्त केला आणि परत पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली, डिसेंबरात प्रबंध पुस्तकरूपानं आला. प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची. पुस्तक आई-वडिलांना अर्पण केलेलं आहे. म्हणजे लंडनची ही पदवी शेवटी पुरी झाली ती परळमध्ये.

कोलंबियाचं त्याहून लांबलं. डॉक्टरेटसाठी प्रबंध छापून त्याच्या प्रती द्याव्या लागत. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक १९२५ मध्ये निघालं. अर्पणपत्रिकेत सयाजीरावांच्या मदतीचं ऋण आहे. पीएच.डी. ८ जून १९२७ रोजी मिळाली. न्यूयॉर्कला पोचल्यापासून चौदा वर्षांनी.

त्याच काळातलं आमच्या शेजारचं दुसरं उदाहरण समोर ठेवलं तर फरक कळतो. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा औंध संस्थानात होती. तिथले शंतनुराव किर्लोस्कर १९२२ मध्ये अमेरिकेत एमआयटीत यंत्र अभियांत्रिकी शिकायला गेले आणि १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. त्यांचे वडील लक्ष्मणरावांनी १९१० साली माळरानावर उभारलेला कारखाना त्यांची वाट पाहत होता. शंतनुरावांनी पुढे जे उभं केलं ते कष्टानंच, यात वाद नाही. पण पदवी संपताना त्यांना 'आता कुठे जायचं' हा प्रश्न नव्हता. आंबेडकर त्यांच्यापेक्षा जास्त शिकले होते, आणि त्यांना दोनदा तोच प्रश्न पडला.

म्हणून मला वाटतं, परदेशातल्या पदवीचा शेवट विद्यापीठाच्या वेळापत्रकात नसतो. तो ठरतो इथे. पैसे कोणाचे, ते कुठल्या अटीवर मिळाले, आणि परतल्यावर दार कोण उघडणार, यावर. गुणवत्तेनं या प्रश्नांची उत्तरं बदलत नाहीत. बदलली असती तर आंबेडकरांना बडोद्याच्या बागेत बसावं लागलं नसतं. आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळते. ती त्या नावानं आहे याचं मला नेहमी कौतुक वाटायचं. दोनशे पौंडांचं ते पत्र माहीत झाल्यावर ते नाव किती नेमकं आहे ते कळलं.

बहिणीनं सप्टेंबरात प्रबंध दिला. विषय साखर कारखान्यांच्या खेळत्या भांडवलाचा. पुढचे तीन महिने तिनं अर्ज केले, दोन मुलाखती झाल्या, नोकरी झाली नाही. विद्यार्थी व्हिसा जानेवारीत संपत होता. डिसेंबरात एका रात्री तिचा फोन आला. "दादा, साडेतीन लाख भरून अजून थांबू की परत येऊ? परत आले तर लोक काय म्हणतील?" मी तिला १९१७ आणि १९२३ च्या दोन बोटींबद्दल सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पण मी काही बाबासाहेब नाही." ते खरंच होतं. मी म्हणालो, त्यांच्यामागे कोणी नव्हतं, तुझ्यामागे निदान एक घर आहे. तारण असलं तरी आहे.

मामाला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "लोक हप्ता भरणार हायत का? यु दे तिला."

जानेवारीत ती आली. पुण्याहून मी तिला गाडीनं उंब्रजला सोडायला गेलो. आता ती पुण्यात मुलाखती देते आहे. एका कंपनीत दुसरी फेरी झाली आहे. मामा मला रोज सकाळी मेसेज करतो, पण पौंडाचा भाव विचारत नाही. हप्ता नेमका कुठल्या तारखेपासून सुरू होतो, एवढंच विचारतो.